काळी गाडी आणि माझा गोल हात

माझ्या माहेरी, धाराशिवकडच्या वाशीला, तांब्या-पितळेची भांडी घासण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. चिंच आणि राख घेऊन परातीसमोर बसले की जगाचं भान राहायचं नाही. आतून बाहेर गोल, बाहेरून आत गोल. घासलेली परात उन्हात उभी केली की तिच्यावर बारीक बारीक कडी चमकायची आणि शेजारच्या बायका बघायला यायच्या. मला बघायला पाहुणे आले तेव्हा आईनं पोह्यांच्या आधी परात बाहेर आणली. मुलीपेक्षा परात उजवी होती, असं सासूबाई पुढं बरीच वर्षं चारचौघींत सांगायच्या. मला ते कौतुकच वाटायचं. तेवढीच अक्कल होती.

हे सांगायचं कारण असं, की ज्या धंद्यात माझा सगळा जन्म गेला, त्या धंद्याचा या गोल हाताएवढा मोठा वैरी दुसरा कुणी नसेल.

धाराशिवात, तुळजापूरच्या रस्त्याला, आमचं गाड्या धुण्याचं सेंटर होतं. पत्र्याची एक शेड, पाण्याची टाकी, गाडी चढवायचा एक सिमेंटचा उतार आणि 'येथे गाड्या धुवून व पॉलिश करून मिळतील' अशी पाटी. धुवायची मी. पॉलिश करायचे आमचे हे. ती वाटणी त्यांनी केलेली होती आणि ती का, हे मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तुझा हात जड आहे." भांड्यांच्या बाबतीत सगळ्या तालुक्यानं वाखाणलेला हात यांना जड वाटतो, याचा मला लई राग होता.

माझी नात आता पुण्यात असते. ती म्हणते, "आज्जी, तू डिटेलिंग करायचीस." तिच्याकडं पंख्याखाली, पांढऱ्या दिव्यांत, हातमोजे घालून करतात म्हणे. आमच्याकडं गिऱ्हाईकं वेगळी होती. ढोकीकडच्या उसाच्या फडातून ट्रॅक्टर यायचे, ते धुताना रंग नेमका कुठला आहे हे तासाभरानं कळायचं. एक शेतकरी शेळ्या-बोकडं नेणारा टेम्पो घेऊन यायचा. त्याच्या दारांना आम्ही मन लावून पॉलिश केलं. चौथ्या दिवशी परत आला. दाराला हा एवढा पोचा.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचं? बोकडाला दारात दुसरा बोकड दिसला. दिली टक्कर." दाराकडं बघून म्हणाला, "वैनी, जरा कमी चमकवत जावा. जनावरं खुळी व्हायलीत."

पॉलिश म्हणजे चमक लावणं असं लोकांना वाटतं. मलाही तसंच वाटायचं. खरं तर पॉलिश म्हणजे काढणं. गाडीच्या रंगावर काचेसारखा एक थर असतो. मी त्याला साय म्हणते. कागदाहून पातळ. धुळीच्या फडक्यानं गाडी पुसली की त्या सायीवर केसाएवढे चरे उठतात. सावलीत दिसत नाहीत. गाडी उन्हात आणली की दिव्याभोवती कोळ्याचं जाळं असावं तसे चमकतात. आम्ही त्यांना भोवरे म्हणायचो. पॉलिशमध्ये पिठीसारखी बारीक भुकटी असते. ती चऱ्याच्या आजूबाजूची साय हलकेच घासून चऱ्याच्या बरोबरीला आणते. चरा भरत नाही, शेजार खाली येतो. म्हणून पॉलिश जपून करायचं. साय एकदाच मिळते.

हे मला कसं कळलं, तेच आता सांगते.

वाघमारे सर हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांच्या मिसेस दवाखान्यात सिस्टर होत्या. सगळं गाव त्यांना सिस्टरच म्हणायचं, सरसुद्धा. दोघांनी मिळून गाडी घेतली. जुनीच, पण चांगली राखलेली. सिस्टर म्हणत होत्या पांढरी घ्या, काळ्यावर सगळं दिसतं. सर म्हणाले, "जन्मभर काळ्यावरच लिहीत आलो. काळीच घेणार." आणि घेतली. त्यांच्या भावकीतली ती पहिली चारचाकी. महिनाभरानं ती घेऊन पहिल्यांदा गावी जायचं ठरलं, म्हणून आदल्या दिवशी सर सकाळीच धुवायला लावून गेले. चारला नेतो म्हणाले.

आमचे हे त्या दिवशी लातूरला गेलेले. पाण्याची मोटर जळाली होती, तिची तार नव्यानं भरून आणायला. जाताना सांगून गेले, "हापशाचं पाणी घे, धुवायचं तेवढं धू. पॉलिशच्या फळीला हात लावायचा नाही."

मी फळीला हात लावलाच नाही. गाडी धुतली. बॉनेटवर पाण्याचे वाळलेले पांढरे डाग राहिले होते. मी फडकं घेतलं. ते मघाशी जमिनीवर पडलं होतं, मी ते नुसतं झटकलं. आणि मग बॉनेटवर वाकले ती थेट माहेरीच पोचले. गोल, गोल, गोल. दाबून. बॉनेट झालं, दारं झाली. चिंच आणावी असं एकदा मनात आलं होतं, हेही कबूल करते. घरात चिंच नव्हती, म्हणून सरांची गाडी वाचली.

शेडमध्ये गाडी अशी काळीभोर दिसत होती की मला माझाच अभिमान वाटला. आता म्हणावं, या लातूरहून, आणि बघा जड हात!

शेजारी इब्राहिम चाचांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. मला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मी चाचांना म्हटलं, "चाचा, जरा उन्हात काढून द्या. वाळू दे."

चाचांनी गाडी बाहेर काढली, उतरले, आणि बॉनेटकडं बघत उभेच राहिले.

"भाभी."

"काय?"

"गाडीवर जिलब्या काढल्या काय तुमी?"

मी जाऊन बघितलं. बॉनेटभर कडीच कडी. आतून बाहेर, बाहेरून आत. उन्हात अशी चमकत होती, की क्षणभर, खोटं कशाला सांगू, मला ती सुंदरच वाटली. हुबेहूब माझी परात. मग कळलं, ही परात नव्हे, सरांची गाडी आहे.

"चाचा, पुसून निघंल का?"

"पुसून?" चाचा म्हणाले. "पुसूनच आलंय न्हवं."

चारला सर येणार, संध्याकाळी आमचे हे येणार. म्हणजे एकाच दिवसात गिऱ्हाईक जाणार आणि जड हाताचा शिक्का जन्माचा बसणार. मी फळीकडं धावले आणि हाताला आला तो डबा उचलला.

"नक्को!" चाचा ओरडले. "ते जाडं कंपाऊंड हाय. ट्रॅक्टरसाठी. आधीच्या जाड रंगाला चालायचं. या गाडीवर लावलं तर साय जाईल, चामडी बी जाईल."

दुसरा डबा बारीक पॉलिशचा. पण तो जुना होता. कधी आणलेला, देव जाणे. उघडला तर वर पिवळसर पाणी आणि खाली गाळ, शिळी कढी बसते तसा. मी तो तसाच फडक्यावर ओतायला निघाले. चाचांनी माझ्या हातातून डबा काढूनच घेतला.

"जुन्या पॉलिशला घाई चालत न्हाय, भाभी. म्हाताऱ्या माणसावानी हाय ते. आधी उठवायचं, मग कामाला लावायचं."

डब्याच्या काठावर वाळलेली खपली होती, ती त्यांनी ओल्या कापडानं आधी पुसून काढली. ती आत पडली तर खडाच. मग लाकडी पट्टीनं तळापासून हळूहळू ढवळलं, पाणी आणि गाळ एक होईपर्यंत. वास घेतला. मग थेंबभर माझ्या बोटावर ठेवलं.

"चोळा. डोळे मिटून. काय लागतंय?"

"काहीच नाही. मऊ. खडूच्या पिठीसारखं."

"कचकच?"

"नाही."

"मंग चालंल. कचकच लागली असती, न्हाय तर ढवळूनबी गुठळी राहिली असती, तर फेकून द्यायचं. डबा भरलेला असला तरी."

पुढचा अर्धा तास चाचांनी मला जे शिकवलं, त्यावर मी पुढं कितीतरी वर्षं भाकरी खाल्ली. गाडी पुन्हा धुवा, कारण धुळीवर पॉलिश म्हणजे धुळीनंच घासणं. सावलीत आणा. पत्र्याला उलटा हात लावा, गार लागला तरच सुरू करा, तापल्या पत्र्यावर पॉलिश वाळून बसतं. कडांना कागदी चिकटपट्टी लावा, कारण कडेला साय सगळ्यांत पातळ. चऱ्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो चरा आपला नाही, सोडून द्यायचा.

ही शेवटची गोष्ट मी पुढं एकदा विसरले, मुद्दाम. एका जीपवाल्यानं हट्ट धरला, हा चरा काढाच. नख अडकत होतं. नाही म्हणायला जीभ उचलली नाही, कारण तोवर माझं नाव झालं होतं. घासत राहिले. साय गेली, रंग गेला, खालचा राखाडी अस्तर रंग वर आला. तो माणूस खाली वाकला. नुसता बोट लावून बघत राहिला आणि गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. अजून कधीतरी तो राखाडी ठिपका डोळ्यांसमोर येतो.

तर, चाचांनी धुतलेला मऊ बनियन आणला, त्याची शिवण कापून टाकली, घडी करून माझ्या हातात दिला. तुरीच्या दाण्याएवढे चार ठिपके. आणि आधी बॉनेटचा खालचा एक कोपरा, वीतभर.

"एवढाच. उन्हात बघू. मंग पुढं."

मी हात ठेवला आणि हात गोल फिरला.

"भाभी, सरळ!"

सरळ केला. दोनदा सरळ गेला, तिसऱ्यांदा गोल. मी तरी काय करू? हाताला तेच वळण.

"पेरणीचं तास धरल्यावानी जाऊ द्या. मागनं पुढं. मंग आडवं. आन दाबता कशाला? मच्छर बसलाय असं समजा, त्याला कळू न देता हात फिरवा."

वीतभर झालं. कोरड्या स्वच्छ कापडानं पुसलं. चाचांनी आधी कापडच बघितलं. त्यावर काळं आलं नव्हतं, म्हणजे सायच घासली जातेय, रंग नाही. मग गाडी उन्हात. कोपरा स्वच्छ. जिलब्या गायब! मी नाचायचीच राहिले. चाचांनी बॉनेटच्या मधोमध पट्टी चिकटवली. डावी बाजू आधी पुरी करायची, उजवीशी ताडून बघायची, म्हणजे किती घासायचं त्याचा अंदाज येतो.

डावी बाजू झाली. ताडून बघायला गाडी पुन्हा उन्हात उभी केली. आणि रिक्षा थांबली. दोनच वाजले होते. सर उतरले. मागोमाग सिस्टर.

सरांनी बॉनेट बघितलं. डावीकडं आरसा, उजवीकडं कोळ्याची जाळी, मध्ये पट्टी.

आता तेव्हाच्या मला बघा. डोळ्याची पापणी न लवता म्हणाले, "बघा सर, फरक कळावा म्हणून मुद्दाम अर्धं ठेवलंय. आधी असं होतं, आमचा हात लागल्यावर हे असं."

चाचांना जोराचा खोकला आला.

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी मला टाकीच्या आडोशाला बोलावलं आणि अगदी हळू म्हणाले, "वहिनी, ते उजवीकडचं आहे ना, ते माझ्यामुळं झालंय."

"तुमच्यामुळं?"

"रोज सकाळी पुसायचो. घरात... डस्टर होता. शाळेचा. काळं दिसलं की माझा हात आपोआप डस्टरकडं जातो हो. एवढं होईल असं वाटलं नव्हतं. सिस्टरला कळू देऊ नका."

"काय कळू द्यायचं नाही?" सिस्टर मागंच उभ्या होत्या. वॉर्डात चाळीस खाटांवरचं कण्हणं ओळखणारे कान, टाकीचा आडोसा त्यांना काय पुरणार?

"डस्टर?" सिस्टर म्हणाल्या. "शाळेतला डस्टर गाडीला?"

"अगं, पण हलक्या हातानं..."

"मी सांगत होते, पांढरी घ्या. ऐकलं? उद्या गावाला जायचं ते एसटीनं. चारचौघांत ही गाडी उभी करून काय सांगू? सरांनी फळा पुसला म्हणून? आणि घरी आल्यावर गाडीला हात लावायचा नाही तुम्ही. किल्ली माझ्याकडं द्या."

सरांनी खिशातून आपली किल्ली काढली; जोडीतली दुसरी आमच्याकडं गाडीलाच लावलेली होती. पन्नाशीचा माणूस, अख्खा वर्ग ज्याला चळाचळा कापायचा, तो वही हरवलेल्या पोरासारखा उभा. किल्ली हातात दिली आणि बॉनेटकडं बघत राहिला.

मला गप्प राहता आलं असतं. अगदी सोपं होतं. आळ सरांवर गेलाच होता, तोही त्यांनी आपल्या हातानं घेतलेला. मी गप्प बसले असते तर आमच्या ह्यांना काही कळलं नसतं आणि वर माझं कौतुक झालं असतं. मी गप्प बसलेही. किल्ली सिस्टरच्या पर्समध्ये जाऊन पर्सची चेन लागेपर्यंत. एवढा वेळ मी गप्प होते, याची मला आजही लाज वाटते.

"सिस्टर," मी म्हणाले, "सरांना नका बोलू. ते माझं काम आहे. मीच घासली सकाळी, जमिनीवर पडलेल्या फडक्यानं. परातीवानी."

"तुम्ही?" सर म्हणाले.

"तुम्ही?" सिस्टर म्हणाल्या. "मग ते 'आधी असं होतं' म्हणालात ते?"

"आधी म्हणजे... सकाळी. मी घासल्यावर."

सर एकदम ताठ झाले. "बघा! म्हणजे डस्टरनं काहीच—"

"थांबा सर," चाचा म्हणाले. ते बॉनेटवर वाकले होते, उन्हाकडं तोंड करून, एक डोळा मिटून. "हे गोल गोल हाय, हे भाभीचं. आन त्याच्याखाली हे आडवं आडवं हाय. हे फळा पुसल्यालं." मग एका जागी नख फिरवलं. अडकलं. शेजारी पुन्हा फिरवलं. अडकलं. "आन हे दोन डस्टरच्या लाकडाचं. हे निघायचं न्हाय."

सर पुन्हा खचले. सिस्टरनी माझ्याकडं बघितलं, सरांकडं बघितलं. आता दोघांना धरून बोलणार म्हणून मी मान खाली घातली.

"बाकीचं निघेल का?" त्यांनी चाचांना विचारलं.

"निघंल की. ते डावं निघालंच न्हवं."

"मग ज्यानं केलं त्यानं काढायचं," सिस्टर म्हणाल्या. "दोघांनी. गोल तुम्ही, आडवं हे. खुर्ची आहे का?"

आमच्या ह्यांची खुर्ची होती शेडमध्ये. सिस्टर तिच्यावर बसल्या. बसण्याआधी त्यांनी बनियनची घडी उलगडून बघितली, नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "हे ठीक आहे. ते जमिनीवरचं कुठंय? ते आधी पेटवा."

सरांनी बाह्या दुमडल्या. एका बाजूला सर, एका बाजूला मी. चाचा मधे डबा ढवळत उभे.

"सर, सरळ हात," मी म्हणाले.

"सरळच आहे."

"कुठं सरळ? तिरका जातोय."

"वहिनी, मी गणित शिकवतो."

"मग रेघ तरी सरळ मारा की!"

सिस्टर एवढ्या हसल्या की चाचांनी मागवलेला चहा सांडला. त्यानंतर मात्र सरांचा हात लागला. माझाही. दार झालं की मी गाडी उन्हात काढायला सांगायची, चाचा काढायचे, सर नाक टेकवून बघायचे, "इथं एक राहिलाय" म्हणायचे, आणि गाडी पुन्हा सावलीत. सिस्टर मधूनच उठून दोघांचीही कापडं बघायच्या आणि मळलेली घडी उलटायला लावायच्या. ती शिस्त मी त्यांच्याकडूनच उचलली. ते दोन लाकडाचे चरे तसेच ठेवायचं ठरलं. चाचा म्हणाले, टचअपचा रंग भरून देतो. सिस्टर म्हणाल्या, "नको. राहू दे. ह्यांना रोज दिसू दे." पर्समधून किल्ली काढून त्यांनी खुर्चीच्या हातावर ठेवली. सरांनी ती बघितली आणि घासायचा वेग वाढवला.

"हळू, सर. साय एकदाच मिळते," मी म्हणाले. मघाशी शिकलेलं, लगेच दुसऱ्याला शिकवत होते. ही सवय माझी अजून गेलेली नाही.

शेवटचं दार उरलं होतं तेव्हा आमचे हे आले. खांद्यावर मोटर, कपाळावर घाम. रस्त्यावरच थांबले. त्यांना काय दिसलं असेल बघा. त्यांच्या खुर्चीवर गिऱ्हाईकाची बायको चहा पितेय. गिऱ्हाईक गुडघ्यावर बसून स्वतःचीच गाडी घासतंय. शेजारचा गॅरेजवाला डबा धरून उभा आहे. आणि पॉलिशला हात लावायचा नाही असं बजावून ठेवलेली बायको सगळ्यांना हुकूम सोडतेय.

मी हातातलं कापड लपवायला गेले, पण लपवणार कुठं?

त्यांनी मोटर खाली ठेवली. बॉनेटपाशी गेले. वाकून, उन्हाकडं तोंड करून, एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. बोटानं डावी बाजू चाचपली, मग उजवी. मला वाटलं, आता विचारणार, कुणी सांगितलं होतं? मी उत्तरही तयार ठेवलं होतं, निम्मं खरं, निम्मं माझं.

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. बाह्या वर केल्या, माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "कुठनं लावू?"

मी दाराचा कोपरा दाखवला. ते कापड घेऊन वाकले.

"थांबा," मी म्हणाले. "आधी मनगटातलं घड्याळ काढा. त्याच्या पट्ट्यानं चरा उठतो."

लग्नात माझ्या वडिलांनी दिलेलं ते घड्याळ अंघोळीशिवाय कधी निघत नसे. त्यांनी ते काढलं आणि ठेवायला माझ्या हातात दिलं.